संगीताच्या तासिकेला हवी वर्गाची सामायिक नोंदवही

जयपूर : शालेय वेळापत्रकात संगीताची तासिका सहसा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा येते. चाळीस मिनिटांपैकी पहिली काही मिनिटे तानपुरा किंवा पेटी लावण्यात आणि मुलांना स्थिरस्थावर करण्यात जातात. बंदिशीची पहिली ओळ गळ्यात बसू लागते न लागते तोच घंटा होते. पुढील तासिका येईपर्यंत सहा-सात दिवस उलटतात आणि शिक्षकाला पुष्कळदा पुन्हा पहिल्या ओळीपासून प्रारंभ करावा लागतो. गणिताच्या तासानंतर सोडवलेली उदाहरणे वहीत राहतात, चित्रकलेच्या तासानंतर कागदावर चित्र राहते. संगीताच्या तासानंतर हाती राहील असे काही उरत नाही.

जयपूरच्या तिलक नगरमधील शाळा असो वा सांगलीतील, ही अडचण सारखीच आहे. तिच्यावर साधा आणि अल्पखर्चाचा उपाय म्हणजे वर्गाची सामायिक नोंदवही. प्रत्येक तासिकेत काय गायले, काय ऐकले, कोणती चीज कोणाकडून मिळाली आणि काय चुकले, याची नोंद मुलांनी आळीपाळीने ठेवायची व तिच्या जोडीला एक-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण जपायचे, एवढीच तिची कल्पना. ही वही एका विद्यार्थ्याची नसून संपूर्ण वर्गाची असते. त्यामुळे गैरहजर राहिलेल्या मुलालाही ती उपयोगी पडते आणि वर्षाच्या मध्यावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकालाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कला आणि अन्य विषय यांच्यातील भिंती दूर करण्यावर भर देण्यात आला. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्थान मिळाले असून, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सहावीसाठी काढलेल्या ‘कृति’ या पाठ्यपुस्तकात दृश्यकला, नाट्य व नृत्याबरोबर संगीताचाही समावेश आहे. प्रार्थना आणि स्नेहसंमेलन एवढ्यापुरता मर्यादित राहिलेला हा विषय आता मूल्यमापनाच्या कक्षेत येत आहे. एखाद्या मुलाने वर्षभरात काय शिकले हे पाहायचे तर वर्षअखेरच्या एका गाण्यावरून ते ठरवणे अन्यायाचे ठरते. त्यासाठी जूनमधील आणि फेब्रुवारीतील नोंद शेजारी ठेवून पाहता आली पाहिजे.

जयपूर ते पुणे : लिहून ठेवण्याची परंपरा

संगीत लिहून ठेवावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही आणि त्याच्या इतिहासात जयपूरला महत्त्वाचे स्थान आहे. हवामहाल उभारणारे जयपूरचे महाराज सवाई प्रतापसिंह (राज्यकाल १७७८ ते १८०३) यांनी जाणकार गायक-वादक व पंडितांना एकत्र आणून ‘संगीत सार’ हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध करवला. बिलावलच्या स्वरांना शुद्ध सप्तक मानण्याचा विचार या ग्रंथात आढळतो. पुढे शतकभराने हा ग्रंथ छापला गेला तो पुण्यात. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पूना गायन समाजाने १९१० ते १९१२ या काळात तो प्रसिद्ध केला. जयपूरच्या दरबारातील चर्चा मराठी अभ्यासकांच्या हाती पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

त्याच काळात मुंबईतील वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) देशभर हिंडून बंदिशी गोळा करीत होते. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ यांच्या घराण्याचा बंदिशींचा मोठा ठेवा त्यांनी खाँसाहेबांच्या पुत्रांकडून मिळवला. अशा अनेक घराण्यांकडून जमवलेल्या अठराशेहून अधिक रचना त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह दिल्या. त्यांचा मराठीतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका विचारतो आणि गुरू पुराव्यानिशी तिचे निरसन करतो, ही त्याची मांडणी आजच्या वर्गालाही जवळची वाटावी अशी आहे.

वर्गात संगीत शिकवण्याचे प्रयोग याच्याही आधी सुरू झाले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली व आपल्या स्वरलिपीत पाठ्यपुस्तके तयार केली. कुरुंदवाडला जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा निघाली. पलुस्करांनीही स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि विद्यार्थ्यांसाठी पुस्तके छापली. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले.

या सर्वांपुढील अडचण एकच होती. गुरूच्या घरी राहून शिकणारा शिष्य दिवसातून अनेकदा तीच चीज ऐकत असे. त्याला कागदाची गरज भासत नसे. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला ठरावीक वेळ शिकून घरी जावे लागते. मधल्या काळात स्मृतीला आधार हवा असतो आणि तो स्वरलिपीने दिला. बंदिशी ही अनेक घराण्यांत जपून ठेवण्याची मालमत्ता मानली जाई. त्या कागदावर उतरल्या तर त्यांचा कस जाईल, ही काही उस्तादांची भीती निराधार नव्हती. मात्र ज्या चिजा कोणी लिहिल्या नाहीत आणि कोणा शिष्याच्या गळ्यातही उरल्या नाहीत, त्या कायमच्या गेल्या.

एकाच बिंदूचे दोन अर्थ

वर्गाच्या नोंदवहीत पहिले पान चिन्हांचे असावे. याचे कारण व्यावहारिक आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवतो आणि खालचा बिंदू मंद्र सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरील बिंदू मंद्र सप्तकाचा असतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ देतात. भातखंडे पद्धतीत समेला गुणिलेसारखी फुली आणि खालीला शून्य लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला एक आकडा आणि खालीला अधिकचे चिन्ह येते. दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून उतरवून घेतलेल्या चिजा एकाच वहीत आल्या आणि पद्धत नमूद केली नाही, तर सहा महिन्यांनी स्वतः लिहिणाऱ्यालाही षड्ज वरचा की खालचा हे कळणार नाही.

शाळेच्या कामासाठी भातखंडे पद्धतीतील मोजकी चिन्हे पुरतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, स्वर लांबवायचा असल्यास पुढे आडवी रेघ, अक्षर लांबवायचे असल्यास अवग्रह आणि एका मात्रेत दोन-तीन स्वर आल्यास त्यांच्याखाली कंस. त्रितालाच्या सोळा मात्रांचे चार-चार मात्रांचे चार खण पाडायचे. पहिल्या मात्रेवर सम, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली. हे खण आखण्याचे काम मुले पट्टी घेऊन आवडीने करतात आणि ते करताना ताल हाताने मोजू लागतात.

नोंदीच्या माथ्यावर आणखी चार गोष्टी हव्यात : दिनांक, राग व ताल, गाण्याची पट्टी आणि चीज कोणाकडून घेतली. पट्टी, म्हणजे षड्ज काळी चारमध्ये धरला की काळी एकमध्ये, हा तपशील किरकोळ वाटतो, परंतु सातवी-आठवीत त्याचे महत्त्व कळते. या वयात अनेक मुलांचा आवाज फुटतो. गेल्या वर्षी सहज लागणारा तार षड्ज यंदा लागत नाही, मुलगा वर्गात हसण्याचा विषय होतो आणि गाणे सोडून देतो. नोंदवहीत पट्टी लिहिलेली असेल, तर आवाज खाली उतरत असल्याचे शिक्षकाच्या लक्षात येते व पट्टी बदलता येते. त्यामुळे आपला आवाज बिघडला नसून बदलतो आहे, हे मुलालाही उमगते.

कागदाची मर्यादा आणि कानाचे काम

स्वरलिपी संगीताचा सांगाडा दाखवते. त्यातील सजीव हालचाल तिच्यात पूर्णपणे मावत नाही. याचे उत्तम उदाहरण भूप आणि देशकार या रागांचे आहे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर येतात. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. कागदावर स्वरांची यादी केली तर दोन राग एकसारखे दिसतात. भूपात गंधार वादी व धैवत संवादी असतो, देशकारात नेमके उलट. भूप कल्याण थाटाचा आणि संध्याकाळनंतरचा, देशकार बिलावल थाटाचा आणि सकाळचा. देशकारात गाण्याचा रोख सप्तकाच्या वरच्या भागाकडे, धैवताकडे असतो. हा फरक व्याख्येने पाठ करता येतो, परंतु तो कळतो दोन्ही राग लागोपाठ ऐकल्यावरच.

म्हणूनच लिखित नोंदीला ध्वनिमुद्रणाची जोड हवी. त्यासाठी शिक्षकाचा किंवा शाळेचा साधा मोबाइल पुरतो. फोन पेटीवर न ठेवता गाणाऱ्यांपासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवावा. अन्यथा भात्याचा आवाज गाण्यावर चढतो. पंखा बंद करावा. आरंभी एका मुलाने दिनांक, इयत्ता व रागाचे नाव उच्चारावे, म्हणजे फाइलचे नाव बदलले तरी ओळख हरवत नाही. पूर्ण तासिका ध्वनिमुद्रित करण्याचा मोह टाळावा, कारण चाळीस मिनिटांचे मुद्रण पुन्हा कोणी ऐकत नाही. एक मिनिटाचे मुद्रण मात्र पुढील तासिकेच्या आरंभी ऐकवता येते आणि मागच्या वेळी कुठे थांबलो होतो हे सगळ्या वर्गाला आठवते.

नोंदवहीचा तिसरा भाग श्रवणाचा. एखादे गायन ऐकवल्यावर ‘छान वाटले’ एवढेच मुले लिहितात, कारण दुसरे काय लिहायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. नेमके प्रश्न दिले की उत्तरे बदलतात. मुखडा कितव्या मात्रेवर उचलला? लय कोठे वाढली? तबला केव्हा सुरू झाला? कोणता स्वर पुन्हा पुन्हा येत होता? गायकाने एकच ओळ किती निरनिराळ्या प्रकारे म्हटली? ज्या मुलाचा गळा गोड नाही, तोही या प्रश्नांची अचूक उत्तरे देऊ शकतो. एरवी संगीताच्या तासिकेत चार-पाच चांगल्या आवाजांची मुले पुढे येतात आणि बाकीची मागच्या रांगेत ओठ हलवतात. श्रवणाची नोंद ठेवणारा, ताल मोजणारा, स्वरलेखन तपासणारा अशा भूमिका वर्गात आल्या की मागच्या रांगेलाही काम मिळते.

घरातले गाणे वहीत

तिलक नगरसारख्या शहरी वस्तीतील वर्गात निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबांची मुले एकत्र बसणे स्वाभाविक आहे. एखाद्या घरात मांड ऐकलेली असते, एखाद्या घरात जात्यावरच्या ओव्या आजीला येत असतात, कोणाकडे गणपतीत आरत्या म्हटल्या जातात. पाठ्यपुस्तकात हे सारे येऊ शकत नाही, वर्गाच्या वहीत येऊ शकते. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाने घरातील एखाद्या गाण्याची नोंद आणावी : ते कोण म्हणते, त्या व्यक्तीने ते कोणाकडून ऐकले, कोणत्या प्रसंगी म्हणतात.

या कामाचे मोठे आदर्श आपल्यासमोर आहेत. राजस्थानात कोमल कोठारी यांनी विजयदान देथा यांच्यासमवेत १९६० मध्ये बोरुंदा या गावी रूपायन संस्थान स्थापन केले आणि लंगा व मांगणियार गायकांची परंपरा ध्वनिमुद्रित करून जगापुढे आणली. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा ठेवा आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत वाचकांना उपलब्ध आहे. दोन्ही प्रकल्पांत गाण्याबरोबर गाणाऱ्याची ओळखही जपली गेली. शाळेच्या वहीतही हा दंडक पाळला पाहिजे. कोणाकडून मिळाले हे न लिहिता उतरवलेले गाणे दोन वर्षांत ‘पारंपरिक’ या शब्दाखाली अनामिक होते आणि ज्या आजीने ते साठ वर्षे जपले तिचे नाव पुसले जाते.

संमती आणि कायदा

ध्वनिमुद्रण आले की जबाबदारीही येते. मुलाचा आवाज ही त्याची ओळख आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, त्यांची वैयक्तिक विदा हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. शिक्षणसंस्थांसाठी काही सवलती असल्या तरी वर्षाच्या आरंभी पालकांकडून लेखी संमती घेणे, फाइलवर नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहिणे आणि मुद्रण शाळेबाहेर न पाठवणे हा सुरक्षित मार्ग होय. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकट्या मुलाचे बेसूर गाणे फिरले, तर ते मूल पुन्हा वर्गात तोंड उघडणार नाही. ‘माझे मुद्रण पुसा’ असे म्हणण्याचा अधिकार मुलालाही असावा.

दुसरा प्रश्न स्वामित्वहक्काचा. जुन्या पारंपरिक बंदिशींवर कोणाचा कॉपीराइट नसतो. चित्रपटगीते, भावगीते व अलीकडच्या रचना यांचे तसे नाही. भारतात गीतकार व संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे राहतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात होणाऱ्या वापराला सवलत आहे. त्यामुळे वर्गात गीत शिकवणे व वहीत उतरवणे यात अडचण नाही. तेच गीत शाळेच्या नावाने सार्वजनिकरीत्या प्रसारित करणे ही वेगळी बाब असून तिला परवानगी लागू शकते.

आधी गळा, मग कागद

नोंदवहीचा एक धोकाही आहे. लिहिण्याच्या नादात गाणे मागे पडू शकते. फळ्यावरची स्वरलिपी उतरवून घेण्यात तासिका संपली, तर वही भरते आणि गळा रिकामा राहतो. कागदावर डोळे खिळवून गाणारा विद्यार्थी शेजाऱ्याचा सूर ऐकत नाही. म्हणून क्रम ठरलेला असावा : प्रथम ऐकणे, नंतर गाणे, मग हाताने ताल धरणे आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत लिहिणे. लिहिताना शिक्षकाने सांगण्यापेक्षा मुलांनी आठवून लिहावे. जिथे दोघांचे लेखन जुळणार नाही, तिथे पुन्हा गाऊन पाहावे. अशा मतभेदात जे शिक्षण होते ते फळ्यावरून उतरवण्यात होत नाही.

प्रत्यक्ष व्यवस्था सोपी ठेवता येते. दर आठवड्याला चार मुलांची पाळी लावावी. एकाने स्वरलेखन, दुसऱ्याने श्रवणाची नोंद, तिसऱ्याने ध्वनिमुद्रण आणि चौथ्याने मागील आठवड्याच्या नोंदीची तपासणी करावी. चाळीस मुलांच्या वर्गात दहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. शिक्षकाने लाल शाईने गुण देऊ नयेत; त्याऐवजी समासात एखादा प्रश्न लिहावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका यांसारख्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना या सवयीचा लाभ होतोच. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या हिंदुस्थानी संगीत विषयातही, जिथे ७० गुण प्रात्यक्षिकाला आणि ३० गुण लेखी परीक्षेला आहेत, गाणे आणि लिहिणे दोन्ही यावे लागते.

या साऱ्याला लागणारे साहित्य म्हणजे एक जाड वही, पट्टी-पेन्सिल आणि मोबाइल. शिक्षकाची बदली झाली, कंत्राट संपले किंवा तासिका दुसऱ्याकडे गेली, तरी वही वर्गात राहते. वर्षअखेरीस सहावीने ती पुढच्या सहावीकडे सोपवावी आणि शेवटच्या पानावर वर्गाला न उलगडलेल्या गोष्टींची यादी लिहावी : कोणत्या चिजेचा अंतरा मिळाला नाही, कोणत्या ओळीचा अर्थ लागला नाही, कोणाच्या आजीचे गाणे अर्धेच उतरवून झाले. नव्या वर्गाने पहिल्या तासिकेला ती यादी वाचून कामाला लागावे.